टिपकीचं शिवलेलं पान

एक गाव होतं. गाव एवढंसं. नाव लिंबोरं.

गावात एक पेठ. पेठेत एक देऊळ. देवळापुढं एक आपट्याचं झाड. एकच.

झाडावर एक पान होतं. पानं पुष्कळ होती म्हणा. पण आपली गोष्ट एका पानाची आहे.

आपट्याचं पान तुम्ही पाहिलंय ना? मधोमध घडी. दोन्हीकडं दोन गोल पाकळ्या. मिटलं, की वहीसारखं मिटतं.

हे पान मिटलेलं होतं. मिटून कडेनं शिवलेलं होतं. पांढऱ्या दोऱ्यानं. टाका इतका बारीक, इतका बारीक, की डोळे मिचमिचे करून पाहावा.

शिवलं कुणी?

टिपकीनं.

टिपकी म्हणजे एक इवलाली कोळीण. आठ पायांची. जाळ्यात बसून राहणारी नव्हे. उड्या मारणारी. केवढी? मुगाच्या डाळीएवढी. इथून तिथं जायचं, तर कशी जायची? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पानाच्या आत टिपकीची पिलं होती. अजून अंड्यांत होती. आज बाहेर यायची होती. आणि टिपकीच्या घरात अशी रीत, की दार आईनंच उघडायचं. आईनं दार उघडलं नाही, तर पिलं आतच.

सकाळी टिपकी पाणी प्यायला गेली. देवळाच्या पायरीवर दवाचा एक थेंब होता. तो प्याली. तोंड पुसलं. परत आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

फांदी होती. पान नव्हतं.

या फांदीवर नाही. त्या फांदीवर नाही. खालच्या एकाही फांदीवर पान नाही.

कारण त्या दिवशी होता दसरा. दसऱ्याला लोक एकमेकांना आपट्याची पानं देतात. सोनं म्हणून देतात. सगळं लिंबोरं तेवढ्यातच येऊन गेलं होतं. हात पोचला तिथवरची पानं गेली. उरली ती वर, शेंड्याला.

टिपकी रडली नाही. रडायला वेळ कुठं होता? ती खाली उतरली आणि शोधायला लागली.

झाडाखाली काय सापडलं? निळ्या दोऱ्याचा एक तुकडा.

आणखी काय सापडलं? खडूची पूड. चिमूटभर.

वर एक चिमणी बसली होती. टिपकीनं तिला विचारलं. चिमणी म्हणाली, माणसाचं तोंड काही मी पाहिलं नाही. पण त्याच्या गळ्यात एक लांब पिवळी पट्टी होती. पट्टीवर आकडे होते.

निळा दोरा. खडू. आणि गळ्यात आकड्यांची पट्टी.

कोण असेल बरं? सावकाश सांगा. टिपकीलाही जरा वेळच लागला.

हं. शिंपी.

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली शिंप्याच्या दुकानात.

शिंप्याचं नाव निवृत्ती. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या नवा सदरा घालून बसले होते. समोर शिवणयंत्र. पुसलेलं, तेल दिलेलं, हळदकुंकू लावलेलं. दसऱ्याला लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. वर्षभर राबतात ना बिचारी. मग एक दिवस त्यांचे लाड.

आणि यंत्रावर काय होतं? टिपकीचं पान.

तात्यांनी ते चोरलं नव्हतं हो. चोरी करणारं माणूस नाही ते. ते आपले सोनं तोडायला गेले. हात वर केला, आणि हे शिवलेलं पान दिसलं. तात्या टाका पाहतच राहिले. चाळीस वर्षं शिवत होते, पण असा टाका त्यांना कधी जमला नव्हता. त्यांना वाटलं, हे देवीनंच आपल्यासाठी शिवून धाडलं. म्हणून दुसरं एकही पान घेतलं नाही. हे एकच आणलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून यंत्राचा सुईखालचा लोखंडी पाय त्याच्यावर टेकवला. हळूच टेकवला. पण टेकवला तो नेमका दारावर.

टिपकीनं पान ओढलं. हलेना. ढकललं. हलेना. मग ती तात्यांच्या गुडघ्यावर चढली.

"शिंपीतात्या, शिंपीतात्या, माझं पान द्या ना."

तात्यांनी चष्मा लावला. टाका तू घातलास का, विचारलं. हो म्हणाली. कितव्या नंबरची सुई, विचारलं. सुई नाही म्हणाली. तात्यांनी पुन्हा एकदा टाका पाहिला. मग म्हणाले, पान तुझंच गं. पण पूजेत ठेवलेलं सोनं असं मधूनच कसं उचलू?

"यंत्र रुसेल ना गं. तू नवं पान आण, ते इथं ठेवू. मग तुझं घेऊन जा."

नवं पान कुठं? झाडाच्या शेंड्याला. तिथं टिपकी चढली असती. पण पान तोडणार कशी? पान थाळीएवढं, आणि टिपकी डाळीएवढी. माणूस हवा. माणसाला शिडी हवी.

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली सुताराकडं.

भागूमामा सुतार अंगणात उभे होते. शिडी भिंतीला टेकलेली. शिडीला हळदकुंकू. पायरीपायरीवर तांदळाचे दाणे.

"सुतारमामा, सुतारमामा, शिडी हलवा ना."

"का गं?"

"नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

मामांना वाईट वाटलं. पण त्यांनी नारळाकडं बोट दाखवलं. नारळ अजून फुटायचा होता. नारळ फुटला नाही म्हणजे पूजा अर्धी. मागच्या दसऱ्याला मामांनी नारळ स्वतः फोडायला घेतला होता. नारळ राहिला बाजूला, पाट फुटला. तेव्हापासून पेठेतले सगळे नारळ लोहारीणआक्का फोडते.

"अर्ध्या पूजेत उचलली तर शिडी रुसेल ना गं. आधी नारळ फुटू दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली लोहारणीकडं.

येसूआक्का लोहारीण म्हणजे अशी ऐसपैस बाई. हातात बांगड्या, दंडात जोर. पुढ्यात तिचा घण. घण म्हणजे मोठा थोरला हातोडा. त्यालाही हळदकुंकू.

"लोहारीणआक्का, लोहारीणआक्का, नारळ फोडा ना."

"का गं?"

"शिडी हलेना, नवं पान मिळेना.
नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

आक्का म्हणाली, एका घावात फोडते. दुसरा घाव घालायला मी काय सुतार आहे? पण माझ्या घणाला अजून माळ कुठं आलीय? सणावाराला उघड्या गळ्यानं कोण बाहेर पडतं?

"घण रुसेल ना गं. आधी झेंडूची माळ येऊ दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली फुलवालीकडं.

फुलवाली सगुणामावशी रस्त्याच्या कडेला बसली होती. पुढ्यात झेंडूची टोपली. सुईत दोरा ओवलेला. पण माळ नव्हती. मावशी नुसतीच कपाळाला हात लावून बसली होती.

"फुलवालीमावशी, फुलवालीमावशी, माळ करा ना."

"का गं?"

"नारळ फुटेना, शिडी हलेना.
शिडी हलेना, नवं पान मिळेना.
नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

मावशी म्हणाली, टोपलीत बघ.

टिपकीनं पाहिलं. टोपलीत दोन पाय. पायांच्या वर एक बकरी. मच् मच्, मच् मच्. वरची फुलं खाऊन झाली होती. आता ती खालच्या फुलांवर उभी होती. मावशीनं कान ओढून पाहिला. शेपूट ओढून पाहिलं. गोड बोलून पाहिलं. शिव्याही दिल्या, पण त्या आपल्याला नकोत.

"उष्ट्या फुलांची माळ केली तर देव रुसेल ना गं. खालची फुलं चांगली आहेत. आधी ही बया हलू दे."

टिपकीला फार लांब जायचं नव्हतं. एकच टुणुक. बसली बकरीच्या शिंगावर.

"बकरीबाई, बकरीबाई, बाजूला व्हा ना."

"का गं?" बकरी म्हणाली. तोंडात फूल तसंच.

"माळ होईना, नारळ फुटेना.
नारळ फुटेना, शिडी हलेना.
शिडी हलेना, नवं पान मिळेना.
नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

बकरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकताना आणखी दोन फुलं खाल्ली. मग म्हणाली, हे बघ, मी खोटं बोलणार नाही. मी काठीला भीत नाही. मावशीला तर मुळीच भीत नाही. मी भिते ती फक्त ढोलाला. ढोल वाजला की माझे पाय आपोआप पळतात. पण आज ढोल गप्प आहे, आणि फुलं ताजी आहेत.

"असं मधूनच उठले तर पोट रुसेल ना गं. आधी ढोल वाजू दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ऊन माथ्यावर आलं होतं. आठही पाय दुखायला लागले होते. तरी गेली. ढोलवाल्याकडं गेली.

ढोलवाला रंगादादा ओट्यावर बसला होता. ढोल मांडीवर. ढोल बडवायचं टिपरू कमरेला खोचलेलं. आणि बोट ओठांवर.

"ढोलदादा, ढोलदादा, ढोल वाजवा ना."

"हळू बोल," रंगादादा कुजबुजला. "का गं?"

मग टिपकीही कुजबुजली. आता आपणही कुजबुजू या.

"बकरी हलेना, माळ होईना.
माळ होईना, नारळ फुटेना.
नारळ फुटेना, शिडी हलेना.
शिडी हलेना, नवं पान मिळेना.
नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

रंगादादानं समोरच्या घराकडं मान केली. तिथं एक बाळ झोपलं होतं. रात्रभर रडलं, आणि आत्ता कुठं झोपलं. बाळाची आत्या आत पुऱ्या लाटत होती. तिनं सकाळीच येऊन सांगितलं होतं, की बाळ उठायच्या आत ढोल वाजला, तर टिपरू चुलीत जाईल. आणि आत्या एकदा बोलली की तसंच करते. मागच्या वर्षीचं टिपरू चुलीतच गेलं होतं.

"आत्या रुसेल ना गं. आधी बाळ उठू दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आत्याच्या पायाजवळून गेली. आत्याला दिसली नाही. पुरीच्या पिठात एक उडी पडली, पांढरी होऊन बाहेर आली. तरी दिसली नाही.

पाळण्यात बाळ होतं. घुर्र, घुर्र.

"बाळा, बाळा, ऊठ ना."

बाळ का गं म्हणालं नाही. त्याला बोलता कुठं येत होतं? टिपकीनं तरी सगळं सांगितलं. न चुकता सांगितलं.

"ढोल वाजेना, बकरी हलेना.
बकरी हलेना, माळ होईना.
माळ होईना, नारळ फुटेना.
नारळ फुटेना, शिडी हलेना.
शिडी हलेना, नवं पान मिळेना.
नवं पान मिळेना, जुनं पान सुटेना.
जुनं पान सुटेना, दार उघडेना.
आत माझी पिलं, आता काय करू?"

बाळ म्हणालं, घुर्र.

आता पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं. टिपकी पाळण्याच्या दोरीवर बसली. पानातली पिलं तिच्या डोळ्यांपुढं आली. आईची वाट बघत असतील. आतून दारावर हळूच टकटक करत असतील.

टिपकी उठली. बाळाच्या अंगठ्यावर उडी मारली. टुणुक. गुडघ्यावर. टुणुक. पोटावर. टुणुक. हनुवटीवर. टुणुक. आणि नाकाच्या शेंड्यावर जाऊन उभी राहिली. अंगाला पीठ लागलेलंच होतं. तिनं आठही पाय झटकले.

बाळाचं नाक हललं. एकदा हललं. दोनदा हललं.

आ... आ... आक्छी.

टिपकी उडाली ती थेट उशीवर. बाळानं डोळे उघडले. टिपकीला पाहिलं. आणि हसलं. असं खुदकन हसलं, की आत्या लाटणं घेऊनच धावत आली.

ती दारातून रंगादादाकडं पाहून म्हणाली, "आता वाजव. उठलंय, आणि हसतंयसुद्धा."

मग काय झालं?

बाळ उठलं, ढोल वाजला. ढुम् ढुम् ढुमाक्.

ढोल वाजला, बकरी हलली. हलली कसली, पळाली. तिचं तोंड पळायला तयार नव्हतं, पण पाय थांबेनात.

बकरी हलली, माळ झाली. सर् सर्, सर् सर्.

माळ झाली, नारळ फुटला. फटाक्. एकाच घावात.

नारळ फुटला, शिडी हलली. भागूमामांनी ती खांद्यावर घेतली, झाडाला लावली, आणि चढले. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

शिडी हलली, नवं पान मिळालं. अगदी शेंड्याचं. हिरवंगार.

नवं पान मिळालं, जुनं पान सुटलं. तात्यांनी यंत्राचा पाय उचलला. खट्. टिपकीचं पान तळहातावर घेतलं.

एव्हाना सगळे दुकानात आले होते. सुतारमामा आले. लोहारीणआक्का आली. मावशी आली. रंगादादा आला. आत्या आली, कडेवर बाळ. बकरी दारातून डोकावत होती, कारण दुकानात ढोल होता.

टिपकीनं दाराचा टाका तोडला. कट्.

जुनं पान सुटलं, दार उघडलं.

सगळे वाकले. आतून कुणी आलं नाही.

आक्कानं श्वास रोखला. रंगादादानं ढोल पोटाशी धरला. बकरी चघळायची थांबली.

आतून कुणी आलं नाही.

टिपकीनं दारात तोंड घातलं आणि म्हणाली, "आले मी, बाळांनो. उशीर झाला."

मग एक पाय बाहेर आला. केसाएवढा. मग दुसरा. मग आठ. मग एक पिलू. मोहरीएवढंही नव्हतं ते. ते तात्यांच्या अंगठ्यावर उभं राहिलं आणि त्यानं उडी मारली.

टुण्.

अजून नुसतं टुण् होतं. णुक मोठेपणी येतो.

मग दुसरं. टुण्. तिसरं. टुण्. मामा मोजायला बसले. दहापर्यंत बरोबर मोजली. मग एक पिलू मागं फिरून परत पानात गेलं, आणि मामांचं सगळं चुकलं. आक्का म्हणाली, राहू द्या, नारळासारखंच करता तुम्ही.

सगळी पिलं बाहेर आली. पण आता राहायचं कुठं? घर तर फांदीवरून तुटलं होतं.

तात्या उठले. त्यांनी सुई घेतली. मावशीनं आठवण केली, की आज सुईचीही पूजा झालीय, ती रुसेल.

"रुसू दे," तात्या म्हणाले. "परत आल्यावर मी तिची समजूत काढीन."

झाडाशी जाऊन तात्या शिडी चढले. कधी चढले नव्हते, म्हणून फार सावकाश चढले. खालून सगळ्यांनी शिडी धरली. तात्यांनी पानाचा देठ फांदीला शिवला. एक टाका. दोन टाके. तीन टाके. टिपकी शेजारी बसून बघत होती. टाके तिच्या मानानं फार मोठे होते. तात्यांनाही ते कळलं. दोरा दातानं तोडताना ते हसले.

मग पिलं पानात गेली. टुण् टुण् टुण् टुण्. शेवटी टिपकी गेली. आठही पाय पसरले. दमली होती हो फार. दार तिनं उघडंच ठेवलं. पिलांना हवं तेव्हा बाहेर यायला.

वारा आला. पान हललं. टाका सुटला नाही.

गोष्ट पानात मावली, तुमच्या कानात बसली. आता कान मिटा बघू. मिटत नाहीत? मग डोळे मिटा.